कामाला कारभाऱ्याचे गोत्र कशाला?

दिवाळी अंकात भांडण कशावरून करावे ह्याचे संकेत आता ठरून गेले आहेत. मराठी जगणार की मरणार, संमेलनाचा अध्यक्ष कोण असावा, आणि विकतचा फराळ ताटात वाढणाऱ्या सुनेला सुगरण म्हणावे की नाही, हे ते विषय. ह्या तिन्ही विषयांवर माझी मते आहेत आणि ती तिखट आहेत. पण ती मांडायला दुसरे समर्थ लेखक पुष्कळ आहेत. मला भांडायचे आहे ते निराळ्याच गोष्टीवरून. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यावर आपले रोजचे व्यवहार चालतात. संगणकाला सांगितलेले काम आणि ते काम करवून घेणारा कारभारी, ह्या दोघांचे नाते काय असावे?

माझे म्हणणे एका वाक्यात सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पान उलटायचे आहे त्यांनी खुशाल उलटावे. काम हे काम असते. ते कोणत्या कारभाऱ्याच्या हाताखाली होणार, हे त्याच्या कपाळावर जन्मतःच गोंदून ठेवणे हा अन्याय आहे. आज जगातल्या एका फार हुशार प्रोग्रॅमिंग भाषेत तो अन्याय राजरोस चालू आहे, आणि त्याला 'स्वातंत्र्य' असे गोंडस नाव दिलेले आहे.

ज्यांनी संगणकाला कधी हात लावला नसेल त्यांनाही हा विषय परका नाही. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातले कोणतेही स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत आहेत आणि त्यांचे पाणी रोज बदलायचे आहे. करंजीचे सारण निवत ठेवले आहे. चिवड्याचे पोहे उन्हात पडले आहेत. शेगडीवर चकलीचे तेल तापते आहे, आणि कुकरमध्ये रात्रीच्या जेवणाची डाळ आहे. कामे पाच, आणि करणारी बाई एक. आता ती जर तांदळाच्या पातेल्यापुढे तीन दिवस मांडी घालून बसली, तर त्या घरची दिवाळी मार्गशीर्षात होईल. ती तसे करीत नाही. ज्या कामाला थांबणे भाग आहे त्याला ती थांबू देते आणि तेवढ्यात दुसऱ्या कामाला हात घालते. कुकरची शिटी झाली की तिकडे वळते, तेल तापले की इकडे.

थांबणे म्हणजे काम करणे नव्हे, हे जे तिला उपजत कळते तेच संगणकशास्त्राने मोठ्या कष्टाने शोधून काढले आणि त्याला 'असिंक्रोनस' असे अवघड नाव दिले. बँकेच्या संगणकापुढे एका वेळी हजारो माणसे येऊन उभी असतात. त्यांतल्या प्रत्येकाचा बहुतेक वेळ कोठून तरी उत्तर येण्याची वाट पाहण्यात जातो. प्रत्येकासाठी एकेक स्वतंत्र नोकर उभा करून ठेवला तर यंत्र नोकरांच्याच गर्दीने गुदमरेल. म्हणून प्रत्येक कामाने म्हणायचे, "माझे आता अडले आहे, शिटी झाली की मला हाक मारा," आणि बाजूला व्हायचे. ही हाक मारणारी जी व्यवस्था असते तिला 'रनटाइम' म्हणतात. मी तिला कारभारी म्हणते. आमच्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. घरातला खरा कारभार कोण पाहते ही चर्चा सणासुदीला नको.

ह्या कारभाऱ्याकडे मुख्यतः तीन खाती असतात. पहिले पाळीचे: आता कोणते काम पुढे घ्यायचे, आणि नवे काम आले तर ते कोणाच्या हाती सोपवायचे. दुसरे घड्याळाचे: "पाच सेकंदांनी उठव" असे ज्याने सांगितले असेल त्याला पाच सेकंदांनी उठवायचे. तिसरे दाराचे: बाहेरून निरोप आला, माहिती आली, तर ज्याची असेल त्याला कळवायचे. पाळी, घड्याळ आणि दार, ह्या तीन शब्दांवर आपले सारे भांडण उभे आहे.

आता त्या हुशार भाषेकडे वळू. तिचे नाव रस्ट. तिची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. संगणकाच्या स्मृतीत एकाने दुसऱ्याच्या जागेवर पाय ठेवण्याने जे अपघात होतात, त्यांतले बहुतेक ही भाषा प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच ओळखते. प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर, तो रस्टमध्ये एखाद्या कडक हेडमास्तरासारखा असतो. चूक दिसली की वही परत. ह्या कडकपणाचे फळही तिला मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात तिला प्रवेश मिळाला, आणि अँड्रॉइडचेही काही भाग तिच्यात लिहिलेले आहेत. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या पुष्कळांच्या खिशात रस्ट येऊन बसलेली आहे.

ह्या भाषेला आरंभी स्वतःचा कारभारी होता. स्थिर आवृत्ती येण्यापूर्वीच, २०१४ साली, तिने त्याला निरोप दिला. कारणही वावगे नव्हते. कारभारी ठेवला की त्याचा पगार आला; चार आण्यांच्या यंत्रातही तो जागा अडवणार. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबत-थांबत करायची कामे लिहिण्याची सोय भाषेत रीतसर आली. तेव्हा भाषेच्या प्रमाण ग्रंथालयाने दोन गोष्टी ठरवून दिल्या: काम कसे दिसावे, आणि शिटी कशी वाजावी. तिथेच हात आखडला. पाळी, घड्याळ आणि दार ही तिन्ही खाती मात्र "ज्याने त्याने पाहून घ्यावे" म्हणून सोडून दिली.

मग व्हायचे तेच झाले. कारभारी पुष्कळ झाले. टोकिओ हा २०१६ पासूनचा, सर्वांत मोठा आणि सर्वांत कर्तबगार. २०१९ मध्ये असिंक-एसटीडी आला, २०२० मध्ये सुटसुटीत स्मॉल आला. छोट्या यंत्रांसाठी एम्बसी आला. लिनक्सच्या नव्या सोयींचा फायदा घेणारे ग्लोमिओ आणि मोनोइओ आले. प्रत्येकाचे घड्याळ निराळे, प्रत्येकाचे दार निराळे. इतकेच काय, 'वाचणे' ह्या क्रियेचीसुद्धा दोन प्रमाणपत्रे बाजारात आहेत, एक टोकिओचे आणि एक फ्यूचर्स नावाच्या सामाईक ग्रंथालयाचे. एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दारात चालत नाही. मध्ये दुभाषी बसवावा लागतो.

ह्याचा जाच कसा होतो ते सांगते. मी पोशीरला राहते आणि प्रोग्रॅम लिहून पोट भरते. शेतातल्या पंपांची मोजणी गोळा करून पुढे धाडणाऱ्या एका छोट्या पेटीसाठी मी स्मॉल वापरले, कारण पेटी लहान होती आणि तिला लहानच कारभारी पुरे होता. मोजणी धाडण्यासाठी एका कंपनीचे तयार ग्रंथालय घ्यायचे होते. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. असल्या कंपन्या गल्लोगल्ली आहेत. त्या ग्रंथालयाला दार माझे चालत होते. कंपायलरने, म्हणजे त्या कडक हेडमास्तराने, चकार शब्द न काढता वही पास केली. पेटी दोन दिवस उत्तम चालली. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला, आणि आमच्याकडे पाऊस झाला की जे होते ते झाले: नेटवर्क गेले. जोडणी तुटल्यावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, एवढ्यासाठी त्या ग्रंथालयाने आपल्या पोटातून टोकिओचे घड्याळ काढले, टोकिओ घरात नाही असे त्याला आढळले, आणि तिथल्या तिथे सारा प्रोग्रॅम आडवा झाला. मरताना तो एवढेच बोलला की, येथे रिअॅक्टर चालू नाही, मला टोकिओच्या राज्यातच हाक मारली पाहिजे.

मी कंपनीला लिहिले की तुमच्या माहितीपत्रकात ही अट कोठेही नाही. उत्तर आले ते एका ओळीचे: आपण टोकिओ का वापरीत नाही? जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला ताटात खडा लागला तर यजमानाने म्हणावे, आपण दात का काढून ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार!

ह्यात मला बोचते ती गैरसोय नव्हे. गैरसोयीतच आमचा जन्म गेला. बोचते ते हे की, ज्या भाषेची सारी प्रतिष्ठा 'चूक आधी सांगेन' ह्या प्रतिज्ञेवर उभी आहे, तिने ही चूक आधी सांगितली नाही. सांगणार तरी कशी? हे काम अमक्या कारभाऱ्याशिवाय जगत नाही, ही गोष्ट त्या कामाच्या जाहीर स्वरूपात कोठेच लिहिलेली नसते. गोत्र रक्तात असते, पत्रिकेत नसते. आणि ते उघडकीला येते ते मांडवात.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की सगळेच कारभारी असे कडवे नाहीत. स्मॉलचे घड्याळ आपला एक पहारेकरी बरोबर घेऊन हिंडते, त्यामुळे ते परक्या घरातही चालते. पण मग एका घरात दोन पहारेकरी होतात, आणि दोघांचाही शिधा त्याच कोठारातून जातो. मोठ्या घराला ते जाणवणार नाही. माझ्या पेटीला जाणवते.

ह्या सगळ्या प्रकाराचे उत्तर शोधायला मला लांब जावे लागत नाही. आमच्या पोशीरकरांचे स्टेशन नेरळ, आणि त्याच्या पुढे कर्जत. ह्या दोन स्टेशनांवर हा सारा वाद लोखंडात घडवून ठेवला आहे.

नेरळला दोन रूळ भेटतात. मुंबईहून येणारा मोठा रूळ पाच फूट सहा इंचांचा, आणि माथेरानला चढणारा छोटा रूळ दोन फुटांचा. आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्याने तो १९०४ ते १९०७ ह्या काळात डोंगरावर नेला. मुंबईचा डबा माथेरानला जाऊ शकत नाही, माथेरानचा डबा मुंबईला जाऊ शकत नाही. माणसाने उतरायचे, वळकटी उचलायची, मुलांना मोजायचे, आणि दुसऱ्या गाडीत चढायचे. ह्यात कोणाची चूक नाही. त्या डोंगराच्या वळणांवर मोठा रूळ बसलाच नसता. छोट्या रुळाला त्याचे न्याय्य कारण आहे, जसे माझ्या पेटीला लहान कारभारी असण्याचे न्याय्य कारण आहे. कोणी उद्या म्हणाला की भारतात रुळाची एकच रुंदी हवी, सबब माथेरानची गाडी उखडा, तर मी त्या गाडीपुढे आडवी पडेन.

आता कर्जतला चला. कर्जत म्हटले की लोकांना बटाटेवडा आठवतो. मला मागचे इंजिन आठवते. पुढे बोरघाट आहे, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. घाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना येथे मागून जास्तीची इंजिने लावतात, त्यांना बँकर म्हणतात. गाडी कोठली, डबे कोणत्या कारखान्यातले, आत लग्नाचे वऱ्हाड आहे की सिमेंटची पोती, हे बँकर विचारीत नाही. डब्याच्या टोकाचा जोड आणि इंजिनाचा जोड एकमेकांत बसतात, एवढे पुरते. इंजिन बदलते, गाडी तीच राहते, आणि आतला प्रवासी वडा खात बसलेला असतो; इंजिन कोणते हे त्याला ठाऊकही नसते. कोणते इंजिन लावायचे ह्यावर रेल्वेने सक्ती केली नाही. तिने फक्त जोड ठरवला.

माझे मागणे एवढेच आहे: आम्हाला कर्जत द्या. रूळ खरोखरच वेगळे असतील तिथे नेरळ मला मान्य आहे. पण ज्या कामाला नुसते पाच सेकंद थांबायचे आहे त्यालासुद्धा नेरळला उतरवून, वळकटी डोक्यावर देऊन, दुसऱ्या गाडीत कोंबणे, ह्यात कोणता डोंगर आडवा आला?

आता प्रतिपक्षाचे ऐकू. तीन पक्ष आहेत, आणि तिन्ही पक्षांत शहाणी माणसे आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, सगळ्यांनी टोकिओ घ्यावा, वाद मिटला. टोकिओविषयी मला आदर आहे. त्याच्या मागे अनेकांचे वर्षांनुवर्षांचे कष्ट आहेत आणि ते कष्ट जगाला फुकट मिळाले आहेत. पण बहुमत हे मानक नव्हे. टोकिओची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली. त्याआधीच्या त्याच्या आवृत्त्यांची कामे पुढच्या आवृत्तीच्या घरात सरळ चालत नव्हती. म्हणजे एकाच कारभाऱ्याच्या घरातही थोरल्याचे जेवण धाकट्याला पचत नव्हते, आणि तिथेही दुभाषी बसवावे लागले. दुसरे असे की, ज्या यंत्रावर खालची कार्यप्रणालीच नाही, नुसता नखाएवढा प्रोसेसर आहे, तिथे टोकिओ मावत नाही. आणि तिसरे म्हणजे कारभारी मरतात. असिंक-एसटीडीचे काय झाले? २०२५ साली त्याच्या चालकांनी दुकान बंद झाल्याचे जाहीर केले आणि लोकांना स्मॉलकडे जायला सांगितले. त्याच्या नावावर ज्यांनी आपली ग्रंथालये बांधली होती, त्यांनी आता एकेक वीट मोजून दुसरीकडे हलवावी. आज जो कारभारी तरणाबांड आहे तो उद्याही असेलच, असे लिहून कोण देणार?

दुसरा पक्ष स्वातंत्र्यवाद्यांचा. ते म्हणतात, कारभारी निवडण्याचे स्वातंत्र्य हेच ह्या भाषेचे वैभव. तुम्ही ते हिरावून घेऊ पाहता. मी विचारते, हे स्वातंत्र्य कोणाचे? मुख्य प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते कागदावर आहे. पण त्याने एक ग्रंथालय उचलले की त्या ग्रंथालयाच्या पोटातला कारभारी त्याच्या घरात शिरतो. ग्रंथालय लिहिणाऱ्याला तर ते नाहीच. त्याने एकाची बाजू घेतली तर बाकीचे वाळीत टाकतात. सगळ्यांची घ्यायची तर तीच गोष्ट तीनतीनदा लिहायची, तीनतीनदा तपासायची. हे ग्रंथालयवाले कोण असतात? दिवसभर नोकरी करून रात्री जेवणानंतर, पैशाची अपेक्षा न ठेवता, जगासाठी काहीतरी लिहिणारी माणसे. त्यांच्या झोपेतून हे स्वातंत्र्य वसूल होते. ज्या स्वातंत्र्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, त्याला आमच्याकडे स्वातंत्र्य म्हणत नाहीत, उधारी म्हणतात.

तिसरा पक्ष समन्वयवाद्यांचा. ते म्हणतात, एवढे काय बिघडले, दोन्ही कारभारी ठेवा आणि मध्ये पूल बांधा. पूल आहेत, मी स्वतः वापरते. एका कारभाऱ्याच्या घरातून दुसऱ्याकडे निरोपाची नळी टाकायची. त्याचे काम त्याच्या घरात होऊ द्यायचे, आणि नुसते उत्तर नळीतून आपल्याकडे घ्यायचे. टोकिओच्या नळ्या ह्या बाबतीत सोवळे पाळत नाहीत, कोणत्याही घरात चालतात. हा त्यांचा मोठेपणा मी मान्य करते. आज कोणी मला सल्ला विचारला तर मीही हेच सांगेन. पण पूल हा तोडगा आहे, व्यवस्था नव्हे. एखाद्या नवशिक्याने टोकिओच्या कारभारात असतानाच, उत्तर येईपर्यंत हटून बसण्यासाठी, आत दुसरा टोकिओ उभा करायचा प्रयत्न केला की प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. आणि एकाच नोकरावर चालणाऱ्या घरात त्या नोकरालाच उत्तराची वाट पाहत उभे केले, आणि उत्तर देण्याची पाळीही त्याचीच असली, तर दोघेही जन्मभर एकमेकांची वाट पाहतात. लखनवी शिष्टाचारात गाडी सुटते. इथे सारे यंत्रच थिजते.

आणि ह्या तिन्ही पक्षांचे एक सामाईक पालुपद आहे: "अजून वेळ आलेली नाही, अनुभव पिकू द्या." २०१९ पासून आंबा आढीत आहे. किती पिकवायचा?

असे सामाईक मानक होऊच शकत नाही, असे जे म्हणतात त्यांना मी पुण्याला घेऊन जाते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडता घेतला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली परम ८००० उभा केला. त्याचे पोट ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांनी भरलेले होते. ह्या चिपेची गंमत अशी की कारभारी तिच्या अंगातच होता. कोणते काम थांबले आणि कोणाची पाळी आली, हे चिपच पाहत असे. शेजारच्या चिपेशी बोलायला प्रत्येकीला चार तारा. असा देखणा संसार. पण ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली, आणि १९९४ च्या परम ९००० मध्ये दुसऱ्या जातीचे प्रोसेसर आले. अंगातला कारभारी अंगाबरोबर गेला.

त्या काळी समांतर संगणकांच्या जगात सगळीकडे असाच गोंधळ होता. ज्या कंपनीचे यंत्र, तिच्याच निरोपांची बोली. यंत्र बदलले की प्रोग्रॅम पुन्हा लिहा. शेवटी विद्यापीठांतली, प्रयोगशाळांतली आणि एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या कंपन्यांतलीसुद्धा माणसे एका टेबलाभोवती बसली, आणि १९९४ साली एमपीआय नावाचे मानक बाहेर पडले. ध्यानात घ्या, त्यांनी एक कारभारी नेमला नाही. निरोप कसा द्यावा, कसा घ्यावा, सगळ्यांनी एकत्र कसे थांबावे, एवढेच शब्द ठरवले. ते शब्द आपापल्या यंत्रात कसे खरे करायचे ते ज्याचे त्याने पाहिले. तीस वर्षांत यंत्रांच्या पिढ्या आल्या आणि गेल्या. त्या शब्दांत लिहिलेले प्रोग्रॅम आजही महासंगणकांवर चालतात. जोड ठरला, इंजिने बदलत राहिली. पुन्हा कर्जतच!

आणखी दाखले हवेत? पायथन भाषेतही पूर्वी कारभाऱ्यांची अशीच भाऊबंदकी होती. तिचा जनक खिदो व्हान रोसम ह्याने स्वतः लेखणी उचलली, आणि २०१४ मध्ये ३.४ ह्या आवृत्तीबरोबर एक प्रमाण कारभारी आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या जागी दुसरा बसवता येईल अशी ठरलेली खुर्ची भाषेला मिळाली. तिथले भांडण अजिबात संपले असे नाही. पण भांडायला एक सामाईक ओसरी झाली. सी प्लस प्लस ही तर वयाने आणि हट्टाने रस्टची आजी. तिच्या समितीनेही २०२४ साली पुढच्या मानकाच्या मसुद्यात अशी तरतूद घेतली की, काम एकीकडे लिहावे आणि ते कोठे चालवायचे ते हाती दिलेल्या नियोजकाने ठरवावे. आजीला जे जमले ते नातीला जमू नये?

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. दाराच्या खात्यात दोन रिती आहेत. एक रीत अशी: नळाला पाणी आले की हाक मारायची, मग तुम्ही तुमचा हंडा घेऊन या आणि भरा. दुसरी रीत अशी: हंडा आधीच नळाखाली ठेवून जा, भरला की कळवतो, पण मधल्या वेळात त्या हंड्याला हात लावायचा नाही. लिनक्समध्ये दोन्ही रिती आहेत. जुनी पहिली, नवी दुसरी. हंडा मधल्या वेळात कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न रस्टसारख्या मालकीहक्काबाबत काटेकोर असलेल्या भाषेत साधा नाही, आणि एकाच करारात दोन्ही रिती बसवणे कठीण आहे. दुसरीही एक गाठ आहे. टोकिओसारखा कारभारी एका नोकराचे काम रिकाम्या बसलेल्या दुसऱ्याला देतो, म्हणून त्याच्याकडचे काम हातोहात नेता येण्याजोगे असावे लागते. एका नोकरावर चालणाऱ्या घरात ही अट नको असते. हे सगळे मला मान्य आहे.

पण दाराचे कुलूप अवघड आहे म्हणून घड्याळही भिंतीवर टांगायचे नाही, हा कोणता न्याय? घड्याळाच्या खात्यात हंडाही नाही आणि नळही नाही. आधी घड्याळ ठरवा. मग पाळीचे खाते ठरवा: नवे काम सोपवण्याचा एक शब्द हातोहात नेता येणाऱ्या कामांसाठी, दुसरा घरातच राहणाऱ्यांसाठी. दार शेवटी घ्या. आणि हे जे काही कारभाऱ्याकडून लागते ते कामाने पाठीमागून, अंधारात चाचपून घेऊ नये. ते त्याच्या हातात उघडपणे द्यावे. मग ज्याच्या हाती घड्याळ दिलेले नाही त्याची वही तो हेडमास्तर पहिल्याच दिवशी परत करील, आणि पाऊस पडेपर्यंत वाट पाहावी लागणार नाही.

तोवर ग्रंथालये लिहिणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. आपल्या कामातला विचार आणि त्यातले थांबणे ही वेगळी ठेवा. निरोपाचा अर्थ लावणारा भाग असा लिहा की त्याला घड्याळही लागणार नाही आणि दारही. ती दोन्ही वापरणाऱ्याकडून मागून घ्या. आणि एवढेही जमणार नसेल, तर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहा की हे काम अमक्या कारभाऱ्याशिवाय चालत नाही. मिठाईच्या खोक्यावरसुद्धा आत काय आहे ते छापण्याची सक्ती असते.

हा सगळा खटाटोप मी एका पेटीसाठी करीत नाही. आपल्या मुलांपैकी पुष्कळजण हाच धंदा करणार आहेत, करीत आहेत. त्यांच्या कष्टांचे काय व्हावे, हा माझा प्रश्न आहे. त्यांनी नीट विचार करून, नीट तपासून एखादे छोटे काम लिहिले, तर ते आज ह्याच्या घरी, उद्या त्याच्या घरी, लहान यंत्रात आणि मोठ्या यंत्रात चालावे. कोणा परमुलखातल्या कारभाऱ्याचे दुकान उठले म्हणून ते उकिरड्यावर जाऊ नये. चांगल्या कामाचे आयुष्य ते करवून घेणाऱ्यापेक्षा मोठे असले पाहिजे. माझ्या पेटीत सध्या स्मॉल आहे, शेजारी एक टोकिओ पोसला आहे, आणि दोघांमध्ये निरोपाची नळी आहे. पेटी चालते. पण त्या दुसऱ्या कारभाऱ्याचा शिधा मी रोज मोजते आहे, आणि तो कोणाच्या नावावर लिहायचा हे मला कोणी सांगत नाही.